मोटरहोमच्या फर्नेसला वीजच पोहोचत नाही : शोध कुठून सुरू करावा?

सोनोरा
नमस्कार. आम्ही अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातील फिनिक्सला राहतो. आमच्याकडे २००८ सालचे मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी आहे. साताऱ्याहून आई-बाबा आले आहेत, म्हणून गेल्या शुक्रवारी त्यांना ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर घेऊन गेलो आणि मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये मुक्काम केला. फिनिक्स समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेतीनशे मीटर उंचीवर आहे आणि दक्षिण कडा एकवीसशे मीटरवर. आमच्याकडे दुपारी अर्ध्या बाह्यांचा सदरा पुरतो, तिथे मात्र रात्री पारा शून्याच्या पाच अंश खाली गेला.

रात्री नऊ वाजता गाडीतील फर्नेसचा, म्हणजे गॅसवरच्या हीटरचा, तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट वर केला, पण काहीच झाले नाही. गॅस पेटला नाही एवढेच नव्हे, तर पंखा फिरला नाही आणि टिक असा आवाजही आला नाही. दिवे मात्र लख्ख लागत होते, पाण्याचा पंप चालत होता आणि फ्रिज गॅसवर व्यवस्थित सुरू होता. फर्नेसचा १५ अँपिअरचा निळा फ्यूज काढून पाहिला, तो शाबूत दिसला. त्या कॅम्पग्राउंडमध्ये विजेची जोडणी नसते आणि जनरेटर ठरावीक वेळेतच चालवता येतो, त्यामुळे विजेचा हीटर लावण्याचाही मार्ग नव्हता. आम्ही चौघांनी कोट, कानटोप्या आणि असतील तेवढी पांघरुणे घेऊन रात्र काढली. बाबा शहात्तर वर्षांचे आहेत. त्यांना रात्रभर झोप लागली नाही, आणि त्यांनी त्याबद्दल एक शब्दही काढला नाही, हेच मला अधिक लागले.

ते परत जाण्याआधी त्यांना पुन्हा एकदा तिथे न्यायचे आहे. माझ्याकडे व्होल्ट मोजणारा मल्टीमीटर आहे आणि तो बेताचा वापरता येतो. शेजारच्या तळावरील एका गृहस्थांनी सर्किट बोर्ड बदलण्याचा सल्ला दिला, परंतु बिघाड कळल्याशिवाय महागडा भाग विकत घेण्याची माझी तयारी नाही. शोधाची सुरुवात कुठून करावी?

कोयनाकाठ
फर्नेसचे पुढचे झाकण काढून पाहिले का? अनेक फर्नेसवर आत एक छोटा चालू-बंद स्विच आणि दाबून पूर्ववत करायचा ब्रेकर असतो. सामान ठेवताना धक्का लागून तो स्विच बंद झाल्याचे मी आमच्याच गाडीत अनुभवले आहे.

रानवाटा
सोनोरा, तुमच्या वर्णनातील सर्वांत मोलाची गोष्ट ही की पंखासुद्धा फिरला नाही. त्यामुळे शोधाचे क्षेत्र निम्म्याहून कमी झाले आहे.

फर्नेसचा क्रम ठरलेला असतो. थर्मोस्टॅट उष्णता मागतो, म्हणजे प्रत्यक्षात दोन वायरी एकमेकींना जोडून देतो. त्यानंतर रिले (विजेने जुळणारा स्विच) किंवा बोर्ड ब्लोअरला, म्हणजे पंख्याला, १२ व्होल्ट देतो. जुन्या पद्धतीच्या रिलेमध्ये इथे काही सेकंद थांबावे लागते, म्हणून लगेच निराश होऊ नये. पंखा पुरेशा वेगाने फिरू लागला की त्याच्या वाऱ्याने एक पातळ पाते ढकलले जाते आणि सेल स्विच जुळतो. त्याच्या जोडीला अतितापाचा लिमिट स्विच असतो, तो थंड अवस्थेत जुळलेलाच असतो. हे दोन्ही ठीक असतील तरच बोर्ड आधी आतली हवा बाहेर काढण्यासाठी पंधरा-एक सेकंद थांबतो, मग गॅसचा व्हॉल्व्ह उघडून ठिणगी देतो. ज्योत दिसली नाही तर काही प्रयत्नांनंतर तो स्वतःला बंद करून घेतो.

याचा अर्थ, गॅस, ठिणगी, सेल स्विच आणि लिमिट स्विच यांचा विचार आत्ता करण्याचे कारण नाही. ब्लोअर फिरेपर्यंतच्या मार्गात फ्यूज, वायरी, थर्मोस्टॅट, रिले आणि स्वतः मोटर एवढेच येते.

घाटमाथा
माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या ट्रेलरमध्ये तंतोतंत हेच झाले होते. मी दोन शनिवार-रविवार वायरी तपासण्यात घालवले आणि शेवटी बोर्ड बदलला, तेव्हा फर्नेस सुरू झाली. अलीकडच्या फर्नेसमध्ये पंख्याचा रिलेही बोर्डावरच असतो, त्यामुळे रानवाटा म्हणतात तसा बोर्ड यादीतून वगळता येत नाही. वृद्ध आई-वडील सोबत असताना वेळेलाही किंमत आहे. मी तुमच्या जागी असतो तर बोर्ड मागवून ठेवला असता.

जुना_वायरमन
मी पुण्यात असतो आणि मोटरहोमचे आतून दर्शन मला कधी झालेले नाही. तरीही लिहितो, कारण एसटीच्या दापोडी कार्यशाळेत मी बत्तीस वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम केले आहे. आमच्या बस २४ व्होल्टच्या आणि तुमचे घर १२ व्होल्टचे, पण बॅटरीवर चालणाऱ्या गाडीचा स्वभाव सारखाच असतो.

घाटमाथा यांचा बोर्ड खरोखर गेला असेल, त्याबद्दल शंका घेत नाही. परंतु जुना बोर्ड काढून नवा बसवताना सर्व कनेक्टर एकदा निघतात आणि पुन्हा घट्ट बसतात, त्यामुळे कित्येकदा सैल जोड दुरुस्त होतो आणि श्रेय बोर्डाला जाते. म्हणून भाग बदलण्याआधी मोजमाप करावे, असे मला मनापासून वाटते.

सोनोरा, पुढील मोजमापे या क्रमाने घ्या आणि आकडे इथे लिहा. प्रथम बॅटरीच्या दोन खांबांवर. नंतर फ्यूज जागेवर बसलेला असताना त्याच्या माथ्यावर जे दोन उघडे धातूचे ठिपके असतात त्या दोन्हींवर. नुसता डोळ्यांनी शाबूत दिसणारा फ्यूज मी शाबूत मानत नाही. त्यानंतर थर्मोस्टॅटच्या दोन वायरी त्याच्यापासून सोडवून एकमेकींना जोडा आणि पंखा फिरतो का पाहा. शेवटी खुद्द फर्नेसला येणाऱ्या वायरींवर मोजा.

फ्यूजच्या पेटीजवळ हात घालण्याआधी बाहेरची विजेची केबल काढा आणि जनरेटर बंद ठेवा, कारण त्याच पेटीत १२० व्होल्टही असतात असे माझा पुतण्या सांगतो. सिलिंडरचा व्हॉल्व्हही बंद ठेवा. पंख्याच्या चाचणीला गॅसची गरज नाही.

पिवळा_चाफा
दुरुस्तीविषयी मला फारसे कळत नाही, पण हा धागा पुढे कोणी थंडीच्या रात्री वाचेल म्हणून लिहिते. फर्नेस बंद पडली म्हणून ऊब आणण्यासाठी गॅसची शेगडी पेटवून झोपू नये आणि कोळशाची शेगडी तर आत आणूच नये. मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस जागा होण्याआधीच बेशुद्ध होतो. फर्नेसचा ज्वलनकक्ष बंदिस्त असतो, तो ज्वलनाची हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच टाकतो. शेगडी तसे करत नाही. शिवाय बऱ्याच मोटरहोममधील गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र त्याच १२ व्होल्टवर चालते आणि त्याचे आयुष्य पाच ते सात वर्षांचे असते. २००८ सालच्या गाडीत मूळचेच यंत्र असेल तर ते आजच बदला.

सोनोरा, तुम्ही कोट घालून रात्र काढलीत, हे अगदी योग्य केलेत.

सोनोरा
सर्वांचे आभार. पिवळा_चाफा ताई, यंत्राच्या मागे तारीख पाहिली, २०१४ची आहे. नवे आजच मागवले.

कोयनाकाठ, झाकण काढले. आत स्विच आहे आणि तो चालूच आहे. ब्रेकरही दाबून पाहिला.

वायरमन काका, तुमच्या क्रमाने मोजले. बॅटरीवर १२.६ व्होल्ट. फ्यूजच्या दोन्ही ठिपक्यांवर १२.५. थर्मोस्टॅटच्या दोन्ही निळ्या वायरी एकमेकींना जोडल्या, मिनिटभर थांबलो, पंखा फिरला नाही. फर्नेसच्या तोंडाशी माझ्या गाडीत एक लाल, एक पिवळी आणि दोन निळ्या वायरी आहेत. लाल वायरीवर १२.५ व्होल्ट मिळाले. म्हणजे वीज फर्नेसपर्यंत येत आहे. आता बोर्डाशिवाय दुसरे काय उरते?

घाटमाथा
हेच मी म्हणत होतो. वीज दारापर्यंत येते आणि आत काही घडत नाही, म्हणजे दोष आतला आहे.

जुना_वायरमन
थांबा. लाल वायरीवर १२.५ मिळाले, हे कशाच्या सापेक्ष? मल्टीमीटरची काळी सुई कुठे टेकवली होती?

सोनोरा
फर्नेसशेजारी चॅसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, लावलेला एक उघडा बोल्ट होता, त्यावर.

जुना_वायरमन
मग लाल वायर चांगली आहे एवढेच सिद्ध झाले. विजेला जाण्यासाठी जसा रस्ता लागतो तसाच परतण्यासाठीही लागतो, आणि परतीच्या रस्त्याची तपासणी अजून झालेलीच नाही. तुम्ही मल्टीमीटरला स्वतःचा वेगळा, चांगला रस्ता दिलात. फर्नेसला तो मिळतो आहे का, हे त्यातून कळत नाही.

आता दोन्ही निळ्या वायरी जोडलेल्या ठेवा, म्हणजे फर्नेस वीज मागत राहील, आणि दोन मोजमापे घ्या. एक, लाल आणि पिवळी यांच्यामध्ये. दुसरे, पिवळी आणि तोच चॅसिसचा बोल्ट यांच्यामध्ये. पिवळी जर खरोखर ऋण बाजूची असेल, तर बोल्टच्या सापेक्ष तिच्यावर जवळजवळ शून्य मिळायला हवे.

वीज मागितली जात असतानाच मोजण्याचा आग्रह का, तेही सांगतो. मल्टीमीटर स्वतः नगण्य वीज घेतो. वायरीचा जोड कळंकून जेमतेम टेकलेला असला तरी तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, आणि सात-आठ अँपिअर मागणारी मोटर तसल्या जोडावर जागची हलत नाही. आमच्या कार्यशाळेत मीटरपेक्षा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प अधिक विश्वासाचा मानत, कारण बल्ब पेटायला खरी वीज लागते. बसचा मागचा दिवा मंद झाला की आम्ही बल्ब किंवा स्विच यांना हात लावण्याआधी बॉडी अर्थ, म्हणजे गाडीच्या सांगाड्यातून परतणारा जोड, पाहायचो.

रानवाटा
वायरमन काकांच्या म्हणण्याला एक जोड देतो, कारण भारतात काम शिकलेल्या माणसाची इथे हमखास फसगत होऊ शकते. भारतातील घरगुती वायरिंगमध्ये काळी वायर न्यूट्रल असते. अमेरिकेतील घरात आणि मोटरहोमच्या १२० व्होल्टच्या बाजूला काळी वायर जिवंत असते आणि पांढरी न्यूट्रल. मोटरहोमच्या १२ व्होल्टच्या बाजूला बहुधा पांढरी ऋण असते आणि काळी किंवा लाल धन. म्हणजे एकाच भिंतीत दोन वेगळ्या व्यवस्थांच्या काळ्या-पांढऱ्या वायरी शेजारी शेजारी असू शकतात. रंग पाहून काळी म्हणजे अर्थ असे समजू नका, प्रत्येक वायर मोजूनच ओळखा.

राइनकाठ
मी जर्मनीत असतो. इथल्या बऱ्याच मोटरहोममध्ये ट्रुमा कंपनीचा हीटर असतो आणि तो घराबरोबर पाणीही तापवतो. त्याची वीज गेल्यावर काय होते, ते सांगण्यासारखे आहे. पाण्याच्या टाकीला एक सुरक्षा-व्हॉल्व्ह असतो, आतले तापमान सुमारे तीन अंशांवर आले की तो आपोआप उघडतो आणि पाणी गोठून टाकी फुटू नये म्हणून सर्व पाणी बाहेर सोडतो. गेल्या जानेवारीत आमची बॅटरी रात्री उतरली, सकाळी गाडीखाली बर्फाची लादी आणि नळाला पाणी नाही. आम्ही आधी गळती शोधत बसलो, नंतर लक्षात आले की मूळ प्रश्न विजेचा होता. सोनोरा, तुमच्या गाडीत असा व्हॉल्व्ह नसेल तर त्या रात्री पाण्याच्या नळ्या गोठल्या नाहीत ना, तेही पाहून घ्या.

कोयनाकाठ
बॅटरीचा विषय निघालाच आहे तर एक हिशेब मांडतो, कारण मिनेसोटात आम्हाला तो दर हिवाळ्यात करावा लागतो. ३०,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचे एकक) फर्नेस चालू असताना साधारण आठ अँपिअर घेते. दहा तासांच्या रात्रीत ती निम्मा वेळ चालली तरी ४० अँपिअर-तास खर्च होतात. साध्या शिशाच्या १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढावी, असा आमचा नियम आहे. म्हणजे एका बॅटरीवर एक रात्र कशीबशी निघते, आणि त्यात दिवे व पंप धरलेले नाहीत. फिनिक्सच्या उन्हाळ्यात उभी राहिलेली बॅटरी तर आपली मूळ क्षमता केव्हाच गमावून बसलेली असते. विश्रांतीत १२.६ व्होल्ट दाखवणे आणि रात्रभर टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोनोरा, तुमच्याकडे किती बॅटऱ्या आहेत?

सोनोरा
घराच्या बाजूला, म्हणजे इंजिनाची सोडून, ६ व्होल्टच्या दोन आहेत, १२ व्होल्ट मिळावेत म्हणून एकीला एक जोडलेल्या, २२० अँपिअर-तासांच्या, मागच्या वर्षी घेतलेल्या. राइनकाठ, नळ्या पाहिल्या, शाबूत आहेत.

वायरमन काका, मोजले. निळ्या वायरी जोडलेल्या असताना लाल आणि पिवळी यांच्यामध्ये ०.१ व्होल्ट. पिवळी आणि बोल्ट यांच्यामध्ये १२.४ व्होल्ट. दुसरा आकडा पाहून मी सुया उलटसुलट करून तीनदा मोजले. ऋण वायरीवर १२.४ व्होल्ट कसे असू शकतात?

जुना_वायरमन
उत्तम. बिघाड सापडला, आता फक्त त्याची जागा सापडायची आहे.

लाल वायरीतून आलेली वीज फर्नेसच्या आत पोहोचते, तिथून पिवळ्या वायरीत येते आणि पुढचा रस्ता तुटलेला असल्यामुळे तिथेच अडते. प्रवाह वाहत नाही म्हणून वाटेत व्होल्ट कुठेच खर्ची पडत नाहीत, आणि संपूर्ण फर्नेस, पिवळ्या वायरीसकट, १२ व्होल्टवर येऊन थांबते. धरणाचा दरवाजा बंद असला की कालव्यात पाणी वाहत नाही, पण दरवाजाच्या अलीकडे सगळीकडे पातळी एकच असते, तसेच हे आहे.

आता एक चाचणी करा. १२ गेज जाडीच्या वायरीचा एक तुकडा घ्या आणि पिवळी वायर तात्पुरती त्या बोल्टला जोडा. पंखा फिरला तर बोर्ड, रिले आणि मोटर हे पंख्यापुरते तिन्ही निर्दोष आहेत; निळ्या वायरी जोडलेल्या असल्यामुळे थर्मोस्टॅट मात्र वेगळा तपासावा लागेल. मात्र हा तुकडा कायमचा ठेवू नका. मूळ जोड शोधून तोच दुरुस्त करा.

सोनोरा
पंखा फिरला! आई स्वयंपाकघरातून धावत आली. थर्मोस्टॅटही परत जोडून पाहिला, तो चांगला आहे.

पिवळा_चाफा
वाचून फार आनंद झाला.

घाटमाथा
मीही मान्य करतो. माझ्या ट्रेलरमध्ये काढलेला जुना बोर्ड अजून खणात आहे; मी तो परत बसवून पाहणार आहे. सोनोरा, तुम्हाला घाईने खर्चात पाडले असते याचे वाईट वाटते.

रानवाटा
जोड शोधताना फर्नेसच्या मागे आणि फ्रिजखालच्या पोकळीत प्रथम पाहा. कारखान्यात १२ व्होल्टचे अनेक जोड वायरी पिळून त्यावर प्लास्टिकची टोपी फिरवून केलेले असतात. घराच्या भिंतीत असा जोड वर्षानुवर्षे टिकतो, पण गाडी रस्त्यावर सतत हादरते, आणि ओल लागली तर तांबे कळंकते. वायर कापण्याआधी बॅटरीची ऋण तार सोडवायला विसरू नका.

सोनोरा
जोड सापडला. फर्नेस बाहेर काढावी लागली नाही. पिवळी वायर फरशीखालून दीड फूट मागे जाते आणि तिथे एका पांढऱ्या वायरीला तशाच प्लास्टिकच्या टोपीने जोडलेली होती. टोपी हाताने नुसती स्पर्शताच गळून पडली. आतल्या तारांवर हिरवा कळंक साचला होता आणि पिवळ्या वायरीच्या तारा मोजून तीन उरल्या होत्या, त्याही काळ्या पडलेल्या. तीन वर्षांपूर्वी पाण्याच्या हीटरची जोडणी तिथेच वर गळत होती. ती गळती आम्ही बंद केली, पण खाली झिरपलेल्या पाण्याचे पुढे काय झाले, हे पाहण्याचे तेव्हा सुचले नाही.

दोन्ही वायरी चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापल्या, क्रिंपने दाबून बसवायचा आणि उष्णतेने आवळणारा जोड लावला, आणि वायर लाकडी पट्टीला पकडीने बांधली म्हणजे ती लोंबकळून हादरणार नाही. बॅटरीची तार परत लावून, पंखा चालू असताना मोजले: बॅटरीवर १२.३ आणि फर्नेसच्या लाल-पिवळ्यामध्ये १२.० व्होल्ट.

जुना_वायरमन
०.३ व्होल्टची घट एवढ्या लांबीला ठीक आहे. तीच घट एक व्होल्टच्या वर असती तर आणखी एक कच्चा जोड आहे असे मी म्हटले असते. ही दोन्ही मोजमापे फर्नेसच्या झाकणाच्या आत चिकटपट्टीवर लिहून ठेवा, पुढच्या वर्षी तुलनेला उपयोगी पडतील.

रानवाटा
आता गॅस सुरू करून पूर्ण फेरी होऊ द्या, आणि ती घरीच करा, कड्यावर जाऊन नव्हे. त्याआधी बाहेरच्या भिंतीवरील धुराचे तोंड विजेरीने पाहा. तुमच्याकडे गांधीलमाश्या त्यात मातीची घरे करतात आणि धूर अडतो. गॅसच्या सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का तेही बघा.

सोनोरा
धुराच्या तोंडात मातीचे एक घर खरोखरच होते, ते काढले. सांधे कोरडे आहेत. फर्नेस पहिल्याच ठिणगीला पेटली आणि अंगणात उभ्या गाडीत दोन तास चालली. नवे इशारा-यंत्रही बसवले, ते शांत राहिले.

कोयनाकाठ
मग पुन्हा केव्हा निघता?

सोनोरा
जाऊन आलो, म्हणून आज लिहितो आहे. तोच कॅम्पग्राउंड, रात्री उणे सहा. थर्मोस्टॅट ६६ फॅरेनहाइटवर ठेवला होता आणि पंखा रात्रभर आपल्या वेळेला सुरू होत व थांबत होता. मला प्रत्येक वेळी जाग येत होती, केवळ तो सुरू होतो का हे ऐकण्यासाठी. सकाळी सात वाजता बॅटरीवर १२.३ व्होल्ट होते. बाबांनी पहाटे कधीतरी उठून अंगावरचे दुसरे पांघरूण घडी करून पायथ्याशी ठेवले होते.

जुना_वायरमन
त्यांना माझा नमस्कार सांगा.